घड्याळातला देवमासा

दादा,

देवमासा हा मासा नव्हे, हे मी तुला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. तो हवेत श्वास घेतो, त्याचं रक्त आपल्यासारखं गरम असतं, त्याची मादी पिलाला पाजते. तू डोळ्यावरचं भिंग न काढता मान हलवायचास आणि म्हणायचास, "बरं बाई, मासा नाही. म्हणजे त्याचं कालवण होत नाही, एवढंच ना?" मी चिडले की तू खूश. दुकानात कोणी गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्याला सांगायचास, "ही आमची सुमी. शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात देवमाशांची वकिली करते. फी घेत नाही, म्हणून सगळे देवमासे तिच्याकडेच येतात."

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि काल वहिनी म्हणाली, "वन्सं, दुकान एकदा उघडायला हवं. लोकांची घड्याळं आत पडलीयत." म्हणून आज तुझं शटर मी वर केलं. शुक्रवार आहे, कापड विणणारे लूम बंद आहेत, भिवंडीला आठवड्यातून एकदा मिळते तेवढी शांतता गल्लीत आहे. मी तुझ्याच खुर्चीवर बसून लिहितेय. यातलं एक अक्षरही तू समोर असताना मला बोलता आलं नाही. आणि त्यासाठी माझ्याकडे थोडीथोडकी नाही, सात वर्षं होती.

शुक्रवारीच तू तेल घालायचास. बाकीचे दिवस घड्याळं उघडायची, पेट्रोलमध्ये धुवायची, चाकं पुसून काचेच्या झाकणाखाली ठेवायची. तेल मात्र शुक्रवारी. पलीकडे इस्माईलभाईंचे लूम चालू असले की तुझ्या टेबलापर्यंत जमीन थरथरायची. टेबलाच्या चारी पायांखाली तू ट्रकच्या ट्यूबचे तुकडे घातले होतेस, तरी सुईच्या टोकावरचा थेंब हलायचाच. मी शाळकरी असताना तुझ्याजवळ बसून हे बघत असे. तू पंखा बंद करायचास, मला म्हणायचास, "सुमे, श्वास धर." मी गाल फुगवून बसायचे. तू ती छोटी बाटली काढायचास, सुई बुडवायचास, आणि डोळ्यालाही धड न दिसणारा थेंब, चाकाचं टोक ज्यात फिरतं त्या माणकाच्या भोकाशी टेकवायचास. मग म्हणायचास, "सोड." त्या एका शब्दाची मला इतकी गंमत वाटायची, की पुढे मी मुलांना प्रयोगशाळेत तोच शब्द वापरू लागले.

ती बाटली तुझ्या उस्तादांची, ज्यांच्या हाताखाली तू हे काम शिकलास. त्यांनी काम थांबवलं तेव्हा चिमटे, भिंगं आणि ती बाटली तुझ्या हातात ठेवली. तू तिला "मासळीचं तेल" म्हणायचास, कारण उस्ताद तसं म्हणायचे. थंडीत गोठत नाही, पसरत नाही, पितळेला खात नाही, असे तिचे गुण तू मला पाठ करून घेतले होतेस. सरसकट घड्याळांना तू बाजारातलं साधं तेल घालायचास. ही बाटली फक्त खास माणसांसाठी उघडायची. ज्याचं घड्याळ वडलांचं आहे, ज्याला ते लग्नात मिळालंय, जो पडघ्याहून एसटी बदलून तुझ्याकडेच येतो, त्याला त्या बाटलीतला थेंब. बाटली तळाला गेली होती. "मी असेपर्यंत पुरेल," म्हणायचास.

माझे देवमासेही तुझ्याच दुकानात सुरू झाले, हे तुझ्या लक्षात होतं का रे? नोकरीची पहिलीच वर्षं होती. आम्ही शिक्षक मंडळी समुद्रावर सहलीला गेलो होतो आणि तिथे वाळूवर एक देवमासा मरून पडला होता. पोरंटोरं त्याच्या पाठीवर चढून फोटो काढत होती. एक माणूस कोयता घेऊन त्याचं पोट फाडत होता. आत अत्तरवाल्यांना लाखोंनी विकली जाणारी उलटी सापडली तर आयुष्याचं भलं होईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दुसरा पहार घालून दात उपसत होता. सगळ्यांना घाई होती, आणि त्या जनावराला साधं "अरेरे" कोणी म्हणत नव्हतं. मी घरी न जाता तुझ्याकडे आले आणि तासभर बडबडले. तू हातातलं काम ठेवलंस, शटर अर्धं खाली ओढलंस, मला पाणी दिलंस. सगळं ऐकून म्हणालास, "मग आता तू काय करणार आहेस?" बाकी सगळ्यांनी मला सांगितलं होतं, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं. काय करणार ते विचारणारा तू एकटा होतास.

त्यातून आमचं शाळेचं निसर्ग मंडळ निघालं. भिवंडीत देवमासे! लोक हसले. खाडीत धड बोय मासा मिळत नाही आणि ही बाई देवमासे वाचवायला निघाली. तू हसला नाहीस, उलट एका शुक्रवारी खडूचा डबा घेऊन आलास. मी मोजमाप सांगत गेले आणि तू तुझ्या उंबऱ्यापासून इस्माईलभाईंच्या कारखान्याच्या दारापर्यंत भर रस्त्यात एक अख्खा देवमासा काढलास. त्याचा डोळा काढायला तू किती वेळ घेतलास! मुलं त्याच्या पोटात ओळीने उभी राहिली तरी जागा उरली. इस्माईलभाई बाहेर येऊन बघत राहिले आणि म्हणाले, "हमारे परदादा बोलते थे, जहाज के बाजू में चलता था. आम्हाला वाटायचं, फेकतायत." रिक्षावाले त्या चित्रावरून गाडी घालायला तयार होईनात. संध्याकाळपर्यंत तो देवमासा गल्लीत शाबूत होता. त्या दिवशी मला माझा भाऊ फार मोठा वाटला. तेही तुला सांगायचं राहिलं.

आता त्या बाटलीकडे यायलाच हवं.

सात वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे बसले होते, तू चहा सांगायला बाहेर गेलास, आणि मी सहज ती बाटली उचलून तिच्यावरचं इंग्रजी वाचलं. अर्धी अक्षरं पुसली होती. उरलेली पुरेशी होती. घरी जाऊन मी शोधलं. पूर्वी घड्याळांसाठी सर्वांत उंची तेल डॉल्फिनच्या आणि लहान जातीच्या देवमाशांच्या जबड्यातून आणि डोक्यातून काढत असत. सबंध जनावर मारायचं, आणि हे तेल निघायचं थोडंसंच. हे देवमासे कळपाने राहतात. एकाला जखम झाली तर बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. शिकाऱ्यांना हे ठाऊक होतं. एकाला अडकवायचं, बाकीचे आपोआप थांबतात.

हे वाचल्यावर मी उठून तुझ्याकडे यायला हवं होतं. दहा मिनिटांचा तर रस्ता. "दादा, बस, तुला एक सांगायचंय," एवढंच म्हणायचं होतं. पण पुढच्याच महिन्यात आमच्या मंडळाचं प्रदर्शन होतं, आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. असा नमुना कोणाकडे असणार? मी तुला म्हटलं, "प्रदर्शनात ठेवायला तुझी ती बाटली देशील का?" तुझा चेहरा असा उजळला, की अजून डोळ्यांपुढून जात नाही. "माझी बाटली? प्रदर्शनात?" मऊ फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवून तू ती मला दिलीस. मी तिच्याशेजारी जो पुठ्ठा लावला त्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: "या तेलासाठी पिलांच्या आया मारल्या गेल्या. आणि हे तेल आपल्याच गावात आजही वापरलं जातं."

तुझं नाव घातलं नव्हतं, आणि तेवढ्यावर मी स्वतःला फार सज्जन समजत होते. गावात तशी बाटली असलेला घड्याळजी एकच, हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

तू दुकान बंद ठेवून आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट. बरोबर वहिनी, आणि तुझी दोन जुनी गिऱ्हाइकं. त्यांना तू दारातच सांगत होतास, "बहिणीने आपली बाटली मांडलीय." मी लांबून बघत होते. तू पुठ्ठ्यासमोर उभा राहिलास. एकदा वाचलंस. मग खिशातून चष्मा काढून परत वाचलंस. सातवीतली एक चुणचुणीत मुलगी माहिती सांगायला तिथे उभी होती. तुला ओळखून ती म्हणाली, "काका, ही तुमची बाटली ना? मग देवमासा तुम्ही मारला?"

तू म्हणालास, "मी नाही गं मारला. पण माझ्या हातात होता, आणि मला माहीतच नव्हतं."

मग तू माझ्याकडे आलास. मला वाटलं, आता बोलशील. तू विचारलंस, "सुमे, पिल्लू किती दिवस असतं आईबरोबर?" आणि मी, दादा, मी तुला जातवार माहिती दिली. अमक्या जातीत इतकं, तमक्या जातीत वर्षानुवर्षं, शिवाय कळपातल्या इतर माद्याही सांभाळतात. भोवती पालक होते, मुख्याध्यापिका होत्या, आवाज जरा चढवूनच बोलले. तू "असं होय" म्हणालास, अर्धा कप चहा प्यायलास आणि बक्षीस समारंभाआधी निघून गेलास.

त्यानंतर तू मला देवमाशांवरून चिडवणं बंद केलंस. मला वाटलं, पटलं तुला. शिकवल्याचं सार्थक झालं, असंसुद्धा मनात आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायची सवय लागली की आपल्या डोळ्यातल्या मुसळाची सवय होऊन जाते.

एकदाच तू विषय काढलास. वहिनीने भाकऱ्या टाकल्या होत्या, आपण ताटावर बसलो होतो. तू म्हणालास, "जनावर तर कधीच गेलं. तेल काढून झालंय. आता उरलेलं ओतून टाकलं तर त्याचा जीव उगाच गेला, असं नाही का होत?" मी म्हटलं, "वापरलं की त्याला मान येतो. मान आला की कोणालातरी ते पुन्हा हवंसं वाटतं. उलटीचं बघतोस ना, पेपरात रोज कोणी ना कोणी पकडलं जातं. वाघाला जेवढा कायदा आहे तेवढाच देवमाशाला आहे, तरी लोक थांबत नाहीत." तू म्हणालास, "ते तसं मारून आणणारे. मी उस्तादांच्या हातून घेतलं." मी म्हटलं, "हातून हातून घेतलं म्हणून धुतलं जात नाही." तेवढ्यात लाईट आली, लूम सुरू झाले, आणि त्या खडखडाटात तू पुढे जे बोललास ते मला ऐकू आलं नाही. "काय?" असंही मी विचारलं नाही. जेवत राहिले.

या वादात माझं म्हणणं आजही तेच आहे. ते तेल वापरू नये. तू गेलास म्हणून मी ते बदलणार नाही, आणि तुलाही तसली खोटी शरणागती आवडली नसती. चूक तेलाबद्दल नव्हती, दादा. जे तुला एकट्याला सांगायचं ते मी तुला शंभर माणसांत वाचायला लावलं. तुझ्याच बाटलीने. बाटली परत कर, असंही तू कधी म्हणाला नाहीस. ती दर वर्षी प्रदर्शनात येत राहिली, तोच पुठ्ठा लावून. तू परत कधी आला नाहीस, आणि त्याचं कारण तुझे दुखरे गुडघे, असं मी धरून चालले.

मधल्या काळात तू मला तीनदा घड्याळ मागितलंस. नोकरी लागली तेव्हा तूच दिलेलं, रोज चावी द्यावी लागणारं, लहानसं. पहिल्यांदा प्रदर्शनानंतर महिन्याभराने. "सर्व्हिसिंगला दे, आठ दिवसांत परत करतो." मी म्हटलं, "छान चाललंय की. परीक्षा आल्यात, घड्याळाशिवाय कशी राहू?" मग एका भाऊबीजेला. मी ओवाळलं, तू ओवाळणी घातलीस आणि हात पुढे केलास. "आता तू घड्याळ दे." मी म्हटलं, "ही कुठली नवीन रीत? ओवाळणी घालून घड्याळ काढून घ्यायचं?" सगळे हसले, तूही हसलास. तिसऱ्यांदा गेल्याच महिन्यात, फोनवर. मी देवमाशांवर बोलायला एका कॉलेजात निघाले होते, जिन्यात होते. तू म्हणालास, "सुमे, जाता जाता घड्याळ टाकून जा ना दुकानात." मी वैतागून म्हणाले, "दादा, काय सारखं घड्याळ घड्याळ लावलंयस? वेळ नाहीये मला." तू म्हणालास, "बरं. जप."

तुझ्या तेराव्याला इस्माईलभाई आले होते. डोकं रुमालाने झाकून मागे बसले होते. जाताना माझ्याशी बोलायला थांबले.

"ताई, तुमचा भाऊ वेडा होता," म्हणाले. "मला दुकानात बोलावलं. बोलला, इस्माईलभाई, तुमच्या घड्याळात मी देवमाशाचं तेल टाकलंय, ते काढून देतो. मैंने कहा, अरे, रहने दे, सूख भी गया होगा. बोलला, सुकलं असेल, पण टाकताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

मला काही कळेना. "कधीची गोष्ट?"

"होतील सहा-सात वर्षं. सगळ्यांना बोलावत होता. तुम्हाला नाही म्हाईत?"

मला माहीत नव्हतं. मग वहिनीने सांगितलं. तू आठवून आठवून ती सगळी खास माणसं शोधलीस. ज्यांचे फोन होते त्यांना फोन केलेस. वळ गावच्या गोदामात काम करणाऱ्या एकाला गाठायला गेटवर अर्धा दिवस उभा राहिलास. प्रत्येकाला खरं सांगायचं, घड्याळ उघडायचं, चाक न् चाक धुवायचं, दुसरं तेल घालायचं. फुकट. ते कापडाचे व्यापारी शेठ, कांद्यालाही न शिवणारे, तुझ्या दुकानासमोर उभे राहून ओरडले म्हणे, "माझ्या मनगटावर तू मासा बांधलास!" आणि तू हात जोडून त्यांना सांगत होतास, "मासा नाही शेठ, मासा नाही. तो पिलाला पाजतो." त्यावर शेठ आणखी भडकले. वहिनी हे सांगताना हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मीही हसले, आणि मग मला हसणं आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

शेठ गेले, त्यांच्या ओळखीचे गेले. "घड्याळजी काहीबाही घालतो," अशी हवा झाली. तुझ्या दुकानातली वर्दळ कमी झाली तेव्हा मी तुला समजावत होते, "मोबाईल आले दादा, घड्याळं कोण वापरतंय आता." आणि तू म्हणत होतास, "हो, तसंच असेल."

मी वहिनीला विचारलं, "मला का नाही सांगितलंत तुम्ही?"

ती म्हणाली, "मी म्हणायचे त्यांना, वन्संना सांगा, निदान त्यांना बरं वाटेल. म्हणायचे, तिला वाटेल मी टोमणा मारतोय."

आज दुपारी पडघ्याचे काळूराम आले. तू त्यांच्याबद्दल सांगायचास, भाताच्या दिवसांत चिखलातसुद्धा घड्याळ काढत नाहीत म्हणून. शटर उघडं बघून त्यांना वाटलं, तू आहेस. मी सांगितलं तेव्हा ते पायरीवरच बसले.

"मला ठावंच न्हाय," म्हणाले. "भाऊंनी फोन केलता दिवाळीच्या आदी. बोलले, घड्याळ घिऊन या, काय ते भेटल्यावं सांगतो. कामात राहून ग्येलं."

म्हणजे यांचं राहिलं होतं. आणि आता सांगायला तू नव्हतास. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. सात वर्षं मी या विषयावर हॉलच्या हॉल गाजवलेत, दादा. समोर एक म्हातारा माणूस घड्याळ काढून हातात धरून बसला होता आणि मला सुरुवात सुचत नव्हती. कसंबसं सांगितलं. ते तेल कशाचं, कसं काढत, भाऊंना माहीत नव्हतं, कळल्यावर त्यांनी काय केलं.

काळूराम ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "भाऊंना कोनी सांगितलं ह्ये?"

"मी."

"बरं क्येलं. सांगाया पायजेच व्हतं." त्यांनी हातातलं घड्याळ उलटं करून बघितलं. "बसवून सांगितलं आसंल ना, हे आता मला सांगितलं तसं?"

मी म्हटलं, "नाही. शाळेत, सगळ्यांसमोर. पुठ्ठ्यावर लिहून."

ते रागावले नाहीत. "आपल्या मान्साला, ताई?" एवढंच म्हणाले. मग घड्याळ टेबलावर ठेवलं. "कोनी धुनारा भेटला तर द्या धुवून. भाऊंचा शब्द हाय तो. न्हाय भेटला तर तसंच घिऊन जाईन."

ते गेल्यावर त्यांचं घड्याळ ठेवायला मी तुझा खण उघडला. वरच जुन्या कॅलेंडरचं एक पान होतं, पाठीमागे तुझं अक्षर. वर लिहिलंय, "तेल काढायचं". खाली नावं. इस्माईलभाई, बरोबरची खूण. शेठ, खूण, आणि पुढे "रागावले, पण काढलं". वळचा तो गोदामवाला, खूण. खूण, खूण, खूण. काळूराम पडघा, खूण नाही, "फोन केला, येणार".

सगळ्यांत खाली माझं नाव.

मी मनगटाकडे बघितलं. सात वर्षं दर प्रदर्शनात, दर व्यासपीठावर, ती बाटली उंच धरून दाखवणाऱ्या माझ्या हातावर हेच घड्याळ होतं. तुझ्या खास माणसांत मी नसेन, असं मला कसं वाटलं? साऱ्या गावाला तू तोंडावर खरं सांगितलंस, शिव्या खाल्ल्यास, गिऱ्हाइकं घालवलीस. मला एकटीला सांगितलं नाहीस. मी तुला चारचौघांत उभं केलं, आणि तू मला कोणासमोरच, अगदी माझ्यासमोरसुद्धा, उभं केलं नाहीस. गुपचूप घ्यायचं, धुवायचं आणि परत द्यायचं, एवढंच तुझ्या मनात होतं. ते मी तुला तीनदा करू दिलं नाही.

माझ्या नावापुढे पेन्सिलीने तीन बारीक रेघा आहेत, आणि त्यांच्यापुढे: "सुमी. नको म्हणते. कारण सांगू नये. परत विचारणे."

घड्याळ काढून तुझ्या टेबलावर ठेवलंय, दादा. विचार ना परत.